खोडलेली ओळ वाचता आली पाहिजे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

परदेशी क्लबांची ओळख करून देणाऱ्या मजकुरात आपल्या क्रीडा पानावर मेलबर्न स्टॉर्म या रग्बी लीग क्लबचा हंगामवार तक्ता छापून आला, त्याबद्दल आधी मनापासून आभार मानतो. मराठी दैनिकात या खेळाला अर्धा रकाना मिळणे ही आम्हा इथल्या मराठी माणसांना अपूर्वाईची गोष्ट आहे. त्या तक्त्याखाली क्लबची एकूण विजेतेपदे सहा अशी दिली होती. पुढच्या आठवड्यात खुलासा आला की विजेतेपदे चारच आहेत, आणि सुधारलेल्या तक्त्यात २००७ व २००९ या दोन हंगामांसमोरची जागा मोकळी सोडलेली होती. सहा हा आकडा चुकीचा होता आणि चार हा बरोबर आहे, याबद्दल वाद नाही. तरीही दुसरा तक्ता पहिल्यापेक्षा अधिक खरा झाला असे मला वाटत नाही, आणि तेवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझा व्यवसाय हिशेबाचा आहे. वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी होते आणि रोजकीर्द कशी लिहायची हे मी त्यांच्याकडून शिकलो. नोंद चुकली तर ती खरवडायची नाही आणि पानही फाडायचे नाही. तिच्यावर एकच सरळ रेघ ओढायची, शेजारी बरोबर रक्कम लिहायची आणि सही करायची, असा त्यांचा नेम होता. खालचा आकडा वाचता आला पाहिजे, कारण तो वाचता आला नाही तर उद्या वही उघडणाऱ्याला काय चुकले होते हे कधीच कळणार नाही. २००६ साली नोकरीच्या निमित्ताने मी मेलबर्नला आलो, त्या हिवाळ्यात सहकाऱ्यांबरोबर ऑलिम्पिक पार्कच्या मैदानावर जाऊ लागलो आणि तेव्हापासून स्टॉर्मच्या प्रत्येक हंगामाची नोंद एका लांब वहीत ठेवत आलो आहे. पहिल्या आठ हंगामांची पाने मी मागाहून, जुनी वर्तमानपत्रे वाचून भरली.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भारतात रग्बी म्हणून जो खेळ सहसा दिसतो तो रग्बी युनियन किंवा त्याचा सात जणांचा प्रकार असतो. रग्बी लीगमध्ये प्रत्येक बाजूने तेरा खेळाडू असतात. चेंडू असलेल्या संघाच्या खेळाडूला सहा वेळा पकडले की चेंडू समोरच्या संघाकडे जातो, त्यामुळे पाच पकडींत जमेल तेवढे पुढे जायचे आणि सहाव्याच्या आधी बहुधा चेंडू लाथेने दूर टोलवायचा, अशी लय असते. कबड्डी बघत वाढलेल्या माणसाला त्यातली पकड लगेच समजते. एकाचे पाय, दुसऱ्याची कंबर, तिसऱ्याचा चेंडूवरचा हात, हे सारे ओळखीचे वाटते. समोरच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय होतो; ट्रायला चार गुण आणि त्यानंतरच्या यशस्वी किकला दोन. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत साखळी चालते, पहिले आठ संघ बाद फेरीत जातात आणि अंतिम सामना जिंकणारा त्या वर्षाचा विजेता ठरतो. साखळीत पहिला येणाऱ्यालाही वेगळा मान आणि ढाल असते. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण स्टॉर्मच्या तक्त्यात अंतिम विजेतेपदांइतकीच साखळीतली पहिली स्थानेही गुंतलेली आहेत.

हा क्लब जन्माला आला तोच एका भांडणातून. १९९५ ते १९९७ या काळात ऑस्ट्रेलियातील रग्बी लीग प्रक्षेपणाच्या हक्कांवरून दुभंगली होती. समेट झाल्यावर पर्थचा वेस्टर्न रेड्स आणि न्यूकॅसलकडचा हंटर मरिनर्स हे दोन क्लब बंद पडले आणि त्यांच्यातल्या बऱ्याच खेळाडूंना घेऊन १९९८ मध्ये स्टॉर्म मैदानात उतरला. मेलबर्न हे त्यांच्या स्वतःच्या फुटबॉलचे, ऑस्ट्रेलियन रूल्सचे गाव; इथे सिडनी आणि क्वीन्सलंडचा खेळ रुजेल असे फार थोड्यांना वाटत होते. पहिल्याच हंगामात वीस संघांमध्ये स्टॉर्म तिसरा आला.

दुसऱ्या हंगामाबद्दल मला थोडे सविस्तर लिहायलाच हवे. १९९९ च्या बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात सेंट जॉर्ज इलावराने स्टॉर्मला ३४-१० असे हरवले होते. तोच प्रतिस्पर्धी २६ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा समोर आला. सिडनी ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या नव्या स्टेडियमवर त्या दिवशी १,०७,९९९ प्रेक्षक होते आणि मध्यंतराला सेंट जॉर्ज इलावरा १४-० ने पुढे होता. शेवटची काही मिनिटे उरली तेव्हाही तोच १८-१४ ने पुढे होता. स्टॉर्मच्या ब्रेट किमॉर्लीने उंच टोलवलेला चेंडू त्याच्याच संघातल्या क्रेग स्मिथने गोलरेषेपलीकडे झेलला, पण तो खाली टेकवण्याआधीच त्याच्या डोक्याच्या उंचीवर जोराची धडक बसली, तो बेशुद्ध झाला आणि चेंडू निसटला. पंच बिल हॅरिगन यांनी चित्रफीत पाहून घेतल्यावर पेनल्टी ट्राय दिला, म्हणजे नियमबाह्य धडक बसली नसती तर ट्राय झालाच असता असे धरून चार गुण दिले. मॅट गायरने समोरून किक मारली आणि स्टॉर्म २०-१८ असा जिंकला. स्टॉर्मचा कर्णधार ग्लेन लॅझरस याचा तो शेवटचा सामना होता. कॅनबेरा, ब्रिस्बेन आणि मेलबर्न अशा तीन क्लबांकडून त्याने विजेतेपद मिळवले. माझ्या वहीत या हंगामासमोर फक्त ‘विजेता’ एवढेच लिहिलेले असते, तर त्या धडकेचा आणि पंचांच्या त्या एका निर्णयाचा पत्ताही लागला नसता. तक्त्याच्या एका ओळीत सगळे मावत नाही हे मला मान्य आहे, पण जे मावू शकते तेही आपण टाकून देतो, अशी माझी तक्रार आहे.

पुढची तीन वर्षे सांगण्यासारखी नाहीत: सहावा, नववा, दहावा. २००३ मध्ये क्रेग बेलामी प्रशिक्षक म्हणून आले आणि आजही तेच आहेत. एका व्यावसायिक क्लबवर एकाच माणसाचा दोन दशकांहून अधिक काळ हात असणे या खेळात दुर्मीळ आहे. पाचवा, सहावा, सहावा असे तीन हंगाम गेले आणि त्या काळात यष्टीरक्षकासारखा सतत खेळाच्या मध्यभागी असणारा हुकर कॅमेरॉन स्मिथ, हाफबॅक कूपर क्रॉन्क आणि फुलबॅक बिली स्लेटर ही तीन पोरे एकत्र वाढली. २००६ मध्ये चोवीस सामन्यांपैकी वीस जिंकून स्टॉर्म साखळीत पहिला आला आणि अंतिम सामना ब्रिस्बेनकडून १५-८ असा हरला. २००७ मध्ये एकवीस सामने जिंकून पुन्हा पहिला आला आणि अंतिम सामन्यात मॅनलीला ३४-८ असे हरवले. २००८ मध्ये स्टॉर्म, मॅनली आणि क्रोनुला या तिघांचे सतरा-सतरा विजय झाले. गुणांच्या फरकावर स्टॉर्म पहिला ठरला, पण कर्णधार स्मिथ निलंबित असताना खेळल्या गेलेल्या अंतिम सामन्यात मॅनलीने ४०-० अशी परतफेड केली. २००९ मध्ये साखळीत चौथा येऊनही बाद फेरीत मॅनलीला ४०-१२ आणि ब्रिस्बेनला ४०-१० असे चिरडत स्टॉर्म पुढे गेला आणि आठव्या स्थानावरून वर चढत आलेल्या पॅरामाटाला अंतिम सामन्यात २३-१६ असे हरवले. सलग चार वर्षे अंतिम सामना, त्यात दोन विजय.

२२ एप्रिल २०१० रोजी लीगचे मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गॅलप यांनी जाहीर केले की स्टॉर्मच्या व्यवस्थापनाने वर्षानुवर्षे वेतनमर्यादा मोडली आहे. सर्व क्लबांनी खेळाडूंवर किती खर्च करायचा याची एक ठरावीक मर्यादा असते, म्हणजे श्रीमंत क्लबाने सगळे चांगले खेळाडू एकट्याने उचलू नयेत. स्टॉर्मच्या कार्यालयाने लीगला दाखवायचे करार वेगळे आणि प्रत्यक्ष द्यायच्या रकमांची पत्रे वेगळी, असा दुहेरी व्यवहार ठेवला होता. त्या दिवशीच्या अंदाजानुसार पाच वर्षांत सुमारे १७ लाख डॉलर मर्यादेबाहेर गेले होते, आणि पुढच्या तपासात आकडा आणखी वाढला. २००७ आणि २००९ ची विजेतेपदे काढून घेण्यात आली. २००६, २००७ आणि २००८ ची साखळीतली पहिली स्थानेही गेली. पाच लाख डॉलर दंड झाला आणि बक्षिसाचे अकरा लाख डॉलर परत घेऊन इतर पंधरा क्लबांत वाटण्यात आले. चालू हंगामात तोवर मिळवलेले आठ गुण रद्द झाले आणि उरलेला हंगाम एकही गुण न मिळता खेळायचा, असे ठरले.

हिशेब लिहिणारा माणूस म्हणून मला त्या दिवशी झालेले दुःख दुहेरी होते. ज्या संघावर चार हिवाळे जीव लावला त्याच्या कपाटातली चषकांची जागा रिकामी झाली, हे एक. दुसरे, आणि ते आजही कमी झालेले नाही, असे की हे सारे वह्यांमध्ये घडले होते. मैदानावर कोणी फसवणूक केली नव्हती, ती हिशेबाच्या टेबलावर झाली होती, माझ्याच व्यवसायातल्या माणसांच्या डोळ्यांसमोर. शिक्षा योग्य होती असे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. ज्यांनी मर्यादा पाळली त्या मॅनलीला आणि पॅरामाटाला दोन अंतिम सामन्यांत जे सोसावे लागले त्याची भरपाई कशानेही होणार नाही. ती दोन विजेतेपदे त्यांनाही देण्यात आली नाहीत. २००७ आणि २००९ या वर्षांचा विजेता अधिकृत यादीत कोणीच नाही.

तीन दिवसांनी, २५ एप्रिलला, गुण नसलेल्या हंगामातला पहिला सामना न्यूझीलंड वॉरियर्सविरुद्ध होता. मी गेलो होतो. जिंकून काहीही मिळणार नव्हते, आणि स्टॉर्म ४०-६ असा जिंकला. त्या वर्षी चोवीस सामन्यांत चौदा विजय आणि दहा पराभव झाले. तेवढेच विजय मिळवून सिडनी रूस्टर्स सहाव्या स्थानावर राहिला आणि त्याने त्याच वर्षी अंतिम सामना गाठला. स्टॉर्म मात्र सोळावा, म्हणजे शेवटचा. आपल्या तक्त्यात २०१० समोर ‘१६ वा’ एवढेच छापलेले आहे. ते वाचून कोणीही असेच समजेल की चार वर्षे अंतिम सामना खेळणारा संघ अचानक कोसळला. वस्तुतः तो कोसळला नव्हता. शिक्षा भोगत असतानाही तो दर आठवड्याला मैदानावर येऊन खेळत होता, आणि बेलामींच्या सगळ्या कारकिर्दीत बाद फेरी न गाठलेला तो एकमेव हंगाम आहे, तोही गुण नाकारले गेल्यामुळे. हंगामवार नोंदीचा उपयोग असा चुकीचा समज होऊ नये यासाठीच असतो.

आपल्याकडचे एक उदाहरण देतो. आयपीएलमधून चेन्नई आणि राजस्थान हे संघ २०१६ व २०१७ या दोन वर्षांसाठी बाहेर होते. त्यांच्या तक्त्यात त्या दोन ओळींत ‘निलंबित’ असे लिहिले जाते आणि वाचकाला पुरेसा बोध होतो. त्याच रिकाम्या जागेत पुण्याचा संघ आला, पहिल्या वर्षी सातवा आला आणि दुसऱ्या वर्षी अंतिम सामना मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला. पुण्याच्या त्या दोन ओळी चेन्नईच्या ‘निलंबित’ या शब्दाशिवाय समजतच नाहीत. स्टॉर्मचे प्रकरण याहून अवघड आहे, कारण तो संघ त्या वर्षांत बाहेर नव्हता. सामने झाले, प्रेक्षक आले, ट्राय झाले, दुखापती झाल्या. २००७ च्या अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून ग्रेग इंग्लिसला आणि २००९ चा म्हणून बिली स्लेटरला मिळालेले क्लाइव्ह चर्चिल पदक आजही त्यांच्याच नावावर आहे. संघाचा किताब काढून घेतला, पण खेळाडूचे पदक कायम राहिले. मोकळ्या सोडलेल्या रकान्यातून ही गुंतागुंत कोणाला कशी कळणार?

शिक्षेचे परिणाम पुढच्या ओळींतही दिसतात. संघ मर्यादेत बसवण्यासाठी इंग्लिस साउथ सिडनीकडे गेला, आणखी काही जण इंग्लंडमधील विगनकडे गेले. २०१४ मध्ये साउथ सिडनीने त्रेचाळीस वर्षांनी विजेतेपद मिळवले तेव्हा इंग्लिस त्या संघात होता. स्टॉर्मने २०११ मध्येच साखळीत पुन्हा पहिले स्थान मिळवले आणि २०१२ मध्ये कॅंटरबरीला १४-४ असे हरवून विजेतेपद घेतले. वेतनमर्यादेत राहून मिळवलेल्या त्या विजेतेपदाचे मोल माझ्या लेखी सर्वांत जास्त आहे. ते का जास्त आहे हे मात्र २००७, २००९ आणि २०१० या ओळी नीट लिहिल्या तरच वाचकाला दिसेल; एरवी ते चारांपैकी दुसरे विजेतेपद, एवढेच.

त्यानंतरची वर्षे आपल्या तक्त्यात एक बारीक चूक वगळता बरोबर आहेत, म्हणून थोडक्यात लिहितो. २०१६ मध्ये क्रोनुलाकडून अंतिम सामना १४-१२ असा गेला. १९६७ पासून खेळणाऱ्या त्या क्लबचे ते पहिले विजेतेपद होते आणि पराभव होऊनही मला त्यांचे मनापासून कौतुक वाटले. २०१७ मध्ये नॉर्थ क्वीन्सलंडवर ३४-६ असा विजय मिळाला. २०१८ चा अंतिम सामना रूस्टर्सने २१-६ असा जिंकला. क्रॉन्क तोवर तिकडे गेला होता आणि खांद्याच्या पाठीमागचे हाड मोडलेले असताना खेळला. समोर स्लेटर आपला शेवटचा सामना खेळत होता. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे व्हिक्टोरियात टाळेबंदी होती, म्हणून संघाला जवळजवळ सगळा हंगाम घरापासून दूर, क्वीन्सलंडच्या सनशाइन कोस्टवर राहून काढावा लागला. सलग सतरा सामने जिंकून आलेल्या पेनरिथला त्यांनी अंतिम सामन्यात २६-२० असे हरवले. तो स्मिथचा ४३० वा आणि अखेरचा सामना ठरला. आम्ही घरात बसून तो पाहिला, शहरात कोणाला कोणाकडे जाता येत नव्हते, आणि मैदानावर आपल्या गावाचे नाव छातीवर घेतलेला संघ महिनोन्‌महिने गावाबाहेर होता, हे आठवले की आजही मन भरून येते. आपल्या तक्त्यात त्या ओळीपुढे घरच्या मैदानाचे नाव नेहमीसारखेच छापले आहे, तेवढी दुरुस्ती करावी. २०२१ मध्ये सलग एकोणीस विजय मिळवून स्टॉर्मने ईस्टर्न सबर्ब्सच्या १९७५ मधील विक्रमाची बरोबरी केली आणि तरी पेनरिथकडून १०-६ असा हरून अंतिम सामन्याला मुकला. २०२४ चा अंतिम सामना पेनरिथकडून १४-६, आणि २०२५ चा ब्रिस्बेनकडून २६-२२ असा गेला. मध्यंतराला स्टॉर्म २२-१२ ने पुढे होता. उत्तरार्धात एकही गुण मिळाला नाही. ती ओळ लिहायला मला दोन दिवस लागले.

इथल्या माझ्या काही मित्रांचे म्हणणे वेगळे आहे. त्यांच्या मते सामने मैदानावर जिंकले होते, तेव्हा सहा म्हणावे आणि मोकळे व्हावे. त्यांचे प्रेम मी समजू शकतो, पण पटत नाही. मर्यादा पाळणाऱ्या पंधरा क्लबांच्या तोंडावर हे बोलता येणार नाही. उलट सिडनीतला माझा एक परिचित म्हणतो की त्या दोन वर्षांचा उल्लेखच नको, कारण लबाडीला नोंदीत जागा दिली की ती हळूहळू मान्य होते. हा युक्तिवाद अधिक गंभीर आहे आणि मी त्यावर पुष्कळ विचार केला. परंतु उल्लेख काढून टाकला तर लबाडीही दिसेनाशी होते. पंधरा-सोळा वर्षांत इथे अशी पिढी मोठी झाली आहे की जिला चार हा आकडा पाठ आहे आणि एप्रिल २०१० मध्ये काय झाले ते ठाऊक नाही. आणि स्टॉर्म एकटाच नाही. २००२ मध्ये सलग सतरा विजय मिळवलेल्या कॅंटरबरीचे सदतीस गुण वेतनमर्यादेच्याच कारणाने कापले गेले आणि तो शेवटचा आला. २०१६ मध्ये पॅरामाटाचे बारा गुण गेले. त्यांच्याही तक्त्यांत त्या वर्षी नुसता क्रमांक दिसतो.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. पुन्हा हा तक्ता छापण्याचा योग आला तर एकूण विजेतेपदे चार अशीच द्यावीत आणि कोणतीही ओळ मोकळी ठेवू नये. २००६ आणि २००८ समोर ‘साखळीत पहिला (स्थान रद्द), उपविजेता’ असे लिहावे. २००७ समोर ‘साखळीत पहिला, अंतिम सामन्यात मॅनलीवर ३४-८ विजय, दोन्ही मान २०१० मध्ये काढून घेतले’, आणि २००९ समोर ‘साखळीत चौथा, अंतिम सामन्यात पॅरामाटावर २३-१६ विजय, विजेतेपद २०१० मध्ये काढून घेतले’ असे असावे. २०१० समोर ‘१४ विजय, १० पराभव, गुण नाकारले, १६ वा’ एवढे पुरे. जागा अपुरी पडत असेल तर २००१ आणि २००२ एका ओळीत घालावेत, माझी हरकत नाही. माझ्या वहीतल्या १९९८ ते २०२५ या पानांच्या छायाप्रती मी आपल्या क्रीडा विभागाकडे टपालाने पाठवल्या आहेत. २००७ आणि २००९ च्या पानांवर ‘विजेता’ या शब्दावर एक रेघ आहे, शेजारी २२ एप्रिल २०१० ही तारीख आणि माझी सही.

आपला,
एक नियमित वाचक
मेलबर्न, ऑस्ट्रेलिया